ओटिस रेडिंग

ओटिस रेडिंग (९ सप्टेंबर १९४१ – १० डिसेंबर १९६७) हे अमेरिकेतील सोल संगीताचे गायक, गीतकार व संगीतरचनाकार होते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत घडलेल्या सोल संगीताचा प्रातिनिधिक आवाज म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. मेम्फिस येथील स्टॅक्स या संस्थेतील त्यांची ध्वनिमुद्रणाची कारकीर्द ऑक्टोबर १९६२ ते डिसेंबर १९६७ अशी जेमतेम पाच वर्षांची ठरली. वयाच्या २६व्या वर्षी विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे सर्वाधिक लोकप्रिय गीत ‘(सिटिन ऑन) द डॉक ऑफ द बे’ हे मृत्यूनंतर सुमारे चार आठवड्यांनी प्रकाशित झाले. रेडिंग यांची आजची ओळख त्यामुळे बऱ्याच अंशी त्यांच्या पश्चात घडलेली आहे आणि हयातीत त्यांचे कार्यक्रम ऐकलेल्या श्रोत्यांना माहीत असलेल्या रेडिंगपेक्षा ती पुष्कळ वेगळी आहे.

सोल संगीत

‘सोल’ म्हणजे आत्मा. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगायन (गॉस्पेल) आणि ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे लौकिक संगीत यांच्या संयोगातून १९५०च्या दशकात हा प्रकार आकाराला आला. भक्तिगीताची आर्तता, हुंकार, आलाप आणि समूहाने द्यावयाचा प्रतिसाद हे सारे प्रेमगीतात आणण्याचे धाडस रे चार्ल्स यांनी केले, तेव्हा धार्मिक वृत्तीच्या अनेकांना ते रुचले नाही. गायकाने एक ओळ उच्चारावी आणि इतरांनी ती उचलून धरावी ही पद्धत कीर्तनातील बुवा आणि टाळकरी यांच्या परिचयामुळे मराठी वाचकाला नवखी वाटू नये. सोल संगीतात ही टाळकऱ्यांची जागा कधी सहगायिका घेतात, तर कधी ट्रम्पेट व सॅक्सोफोन. रेडिंग यांच्या गाण्यांत ती प्रायः वाद्यांनीच घेतलेली आहे.

१९६०च्या दशकात या संगीताची दोन मोठी केंद्रे होती. डेट्रॉइट येथील मोटाउन संस्थेची गाणी रेखीव आणि घोटीव असत. टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरातल्या स्टॅक्स संस्थेची गाणी त्या मानाने ओबडधोबड, पण अधिक उत्कट होती. मोटाउनने आपल्या दारावर ‘हिट्सव्हिल’ अशी पाटी लावली होती. स्टॅक्सने आपल्या दर्शनी फलकावर ‘सोल्सव्हिल’ असे लिहून तिला उत्तर दिले.

बालपण आणि जडणघडण

रेडिंग यांचा जन्म जॉर्जिया राज्यातील डॉसन या गावी झाला. वडील वाट्याने शेती करीत. पुढे त्यांना रॉबिन्स हवाईदल तळावर काम मिळाले आणि कुटुंब मेकन या शहरात टिंडॉल हाइट्स या सरकारी वसाहतीत राहावयास आले. वडील अधूनमधून चर्चमध्ये प्रवचनही करीत. व्हाइनव्हिल बाप्टिस्ट चर्चच्या गायकवृंदात लहानग्या ओटिसचा आवाज तयार झाला. वडिलांना क्षयरोगाने गाठल्यामुळे पंधराव्या वर्षी त्यांना शाळा सोडावी लागली. त्यानंतर त्यांनी विहिरी खोदण्याचे काम केले, पेट्रोल पंपावर नोकरी केली आणि मिळेल तिथे गाणे म्हटले.

मेकनमधील डग्लस थिएटर हे कृष्णवर्णीय उद्योजक चार्ल्स डग्लस यांनी १९२१ साली उभारले होते. वर्णभेदाच्या त्या काळात शहरातील कृष्णवर्णीयांच्या करमणुकीचे ते मुख्य स्थान होते. तेथे तरुणांसाठी भरणाऱ्या गायनस्पर्धेत रेडिंग यांनी लागोपाठ १५ आठवडे पाच डॉलरांचे बक्षीस पटकावले, असे सांगितले जाते. याच काळात गिटारवादक जॉनी जेन्किन्स यांच्या ‘पाइनटॉपर्स’ या वाद्यवृंदात त्यांना स्थान मिळाले. मेकनच्याच मर्सर विद्यापीठातील फिल वॉल्डन हा गोरा विद्यार्थी त्यांचा व्यवस्थापक झाला. त्या काळातील जॉर्जियात गोऱ्या तरुणाने कृष्णवर्णीय गायकाचा भागीदार आणि मित्र होणे ही साधी गोष्ट नव्हती. ऑगस्ट १९६१ मध्ये रेडिंग यांचा झेल्मा ॲटवुड यांच्याशी विवाह झाला.

रेडिंग यांच्यापुढे दोन आदर्श होते. पहिले मेकनचेच लिटल रिचर्ड. त्यांच्या गर्जनेची नक्कल सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत स्पष्ट ऐकू येते. दुसरे सॅम कुक, ज्यांचा आवाज मऊ आणि संयत होता. या दोघांमधली वाट शोधता शोधता रेडिंग यांचा स्वतःचा आवाज घडला.

स्टॅक्समधील आगमन

ऑक्टोबर १९६२ मध्ये जॉनी जेन्किन्स यांचे ध्वनिमुद्रण मेम्फिस येथे ठरले. जेन्किन्स यांच्याकडे वाहनपरवाना नसल्याने रेडिंग गाडी चालवीत त्यांना घेऊन गेले. सामान उतरवून ठेवणाऱ्या या धिप्पाड तरुणाला तेथील मंडळींनी केवळ चालक समजणे स्वाभाविक होते. जेन्किन्स यांचे काम मनासारखे झाले नाही. थोडा वेळ शिल्लक होता, म्हणून रेडिंग यांना गाऊन पाहण्याची संधी देण्यात आली. ऑर्गनवादक निघून गेले होते, तेव्हा गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर पियानोवर बसले आणि ‘दीज आर्म्स ऑफ माइन’ हे रेडिंग यांचे स्वरचित, संथ लयीचे गीत मुद्रित झाले. स्टॅक्सच्या ‘व्होल्ट’ या उपनाममुद्रेवर प्रसिद्ध झालेले हे गीत १९६३ मध्ये लोकप्रियतेच्या क्रमवारीत आले.

स्टॅक्सची स्थापना जिम स्टुअर्ट आणि त्यांची बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी केली होती. दोघांच्या आडनावांतील आद्याक्षरे जोडून संस्थेचे नाव तयार झाले. ध्वनिमुद्रणगृह म्हणजे मॅकलेमोर ॲव्हेन्यूवरील एक जुने चित्रपटगृह होते. प्रेक्षागृहाची उतरती जमीन तशीच ठेवलेली होती आणि तेथील मुद्रणांच्या भरदार, किंचित घुमणाऱ्या नादाचे श्रेय अनेक जाणकार या उताराला देतात. ‘बुकर टी. अँड द एम. जी.ज’ हा तेथील घरचा वाद्यवृंद. त्यात बुकर टी. जोन्स आणि अल जॅक्सन हे कृष्णवर्णीय, तर स्टीव्ह क्रॉपर आणि (१९६४ नंतर) डोनाल्ड ‘डक’ डन हे गोरे वादक होते. बाहेरच्या मेम्फिसमध्ये ज्यांना एका टेबलावर जेवणे कठीण होते, ते या इमारतीत रोज एकत्र वाजवीत असत.

गायनशैली आणि रचना

रेडिंग यांच्या आवाजाचा पल्ला फार मोठा नव्हता. त्यांचे सामर्थ्य शब्द तोडण्यात, ताणण्यात आणि पुन्हापुन्हा आळवण्यात होते. एखादा बिनमहत्त्वाचा शब्द, कधी नुसते अक्षर, ते लयीवर असे आपटीत की वाक्याचा अर्थ मागे पडून भावना तेवढी पुढे यावी. विरहगीतांतील या विनवणीमुळे मेम्फिसच्या एका रेडिओ निवेदकाने त्यांना ‘मिस्टर पिटिफुल’ (बिच्चारे महाशय) असे नाव दिले. रेडिंग आणि क्रॉपर यांनी त्या चेष्टेचेच गाणे केले आणि ते गाजले.

त्यांना स्वरलिपी वाचता येत नसे. ट्रम्पेट व सॅक्सोफोन वादकांनी काय वाजवायचे ते रेडिंग स्वतः तोंडाने गाऊन दाखवीत. त्यामुळे त्यांच्या गाण्यांतील वाद्यमेळ गायकाच्याच श्वासातून निघाल्यासारखा वाटतो. सप्टेंबर १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘ओटिस ब्लू’ हा ध्वनिमुद्रिकासंग्रह जवळजवळ पूर्णपणे जुलै महिन्यातील एका दिवस-रात्रीच्या बैठकीत मुद्रित झाला. मध्ये काही तास थांबावे लागले ते वादकांना शहरात रात्रीचे कार्यक्रम होते म्हणून.

‘ओटिस ब्लू’चे आणखी एक वैशिष्ट्य सांगितले पाहिजे. सॅम कुक यांचा ११ डिसेंबर १९६४ रोजी गोळी लागून मृत्यू झाला होता. या संग्रहात रेडिंग यांनी कुक यांची तीन गाणी घेतली. आवडत्या गायकाच्या निधनानंतर त्याची गाणी गाऊन त्याचे स्मरण करणारा हा एक चाहताच होता. मात्र कुक यांनी जे हळुवार गायले, ते रेडिंग यांनी आपल्या खरबरीत गळ्याने वेगळेच करून टाकले. तीनच वर्षांनी, जवळपास त्याच तारखेला, त्यांचे स्वतःचे स्मरण करण्याची पाळी इतरांवर आली.

याच संग्रहातील ‘रिस्पेक्ट’ हे गीत रेडिंग यांनी लिहिले. कामावरून घरी येणारा पुरुष पत्नीकडे मानाची अपेक्षा करतो, असा त्याचा मूळ आशय आहे. १९६७ मध्ये अरिथा फ्रँकलिन यांनी ते स्त्रीच्या मुखी घातले, काही भाग नव्याने जोडला आणि ते अमेरिकेत प्रथम क्रमांकावर गेले. स्त्रियांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या आत्मसन्मानाचे ते घोषगीत झाले आणि आज पुष्कळ श्रोत्यांना त्याचा मूळ कर्ता ठाऊक नसतो. रेडिंग रंगमंचावरून थट्टेने म्हणत की हे गाणे एका मुलीने आपल्याकडून काढून घेतले आहे.

इतरांची गाणी स्वतःची करण्याची कला त्यांनाही साधलेली होती. रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गीतातील गिटारची प्रसिद्ध सुरावट त्यांनी ट्रम्पेट-सॅक्सोफोनवर वाजवून घेतली. गंमत अशी की मूळ रचनाकार कीथ रिचर्ड्स यांच्या मनातही ती सुरावट अशाच वाद्यांसाठी होती. ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’ हे तर १९३२ सालचे जुने, नेमस्त गीत. १९६६ मध्ये रेडिंग यांनी ते घेतले आणि त्याच्या वाद्यरचनेत आयझॅक हेज यांची मदत झाली. आरंभी वाद्ये शोकगीतासारखी हळू वाजतात. मग अल जॅक्सन ड्रमच्या कडेवर घड्याळाच्या टिकटिकीसारखा ठेका धरतात, एकेक वाद्य मिसळत जाते आणि अखेरीस गायक शब्द सोडून केवळ अक्षरांवर स्वार होतो. रेडिंग यांना प्रथमच ऐकणाऱ्याने आरंभ या गीतापासून करावा.

श्रोतृवर्गाचा विस्तार

१९६५ पर्यंत त्यांचे श्रोते प्रामुख्याने कृष्णवर्णीय होते. एप्रिल १९६६ मध्ये लॉस एंजेलिस येथील ‘व्हिस्की अ गो गो’ या क्लबात आणि त्याच वर्षअखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतील ‘फिलमोर’मध्ये त्यांनी गोऱ्या तरुणांपुढे कार्यक्रम केले. इंग्लंडमध्ये ‘रेडी स्टेडी गो!’ या दूरचित्रवाणी मालिकेने सप्टेंबर १९६६ मधील आपला एक संपूर्ण भाग त्यांना दिला. मार्च-एप्रिल १९६७ मध्ये स्टॅक्सचे कलावंत युरोपच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा लंडन व पॅरिस येथील गर्दी पाहून वादक चकित झाले. घरी ते दिवसभर ध्वनिमुद्रणगृहात बंद असत आणि आपली गाणी समुद्रापलीकडे पाठ झाली आहेत याची त्यांना कल्पना नव्हती. त्याच वर्षी ‘मेलडी मेकर’ या ब्रिटिश नियतकालिकाच्या वाचकांनी रेडिंग यांना जगातील सर्वश्रेष्ठ गायक म्हणून निवडले. हे स्थान त्यापूर्वी अनेक वर्षे एल्व्हिस प्रेस्ली यांच्याकडे होते.

१७ जून १९६७ च्या रात्री कॅलिफोर्नियातील मॉन्टरे येथील संगीत महोत्सवात त्यांनी पाच गाणी गायली. कार्यक्रमाची वेळ संपत आली होती आणि पाऊस पडत होता. श्रोते बव्हंशी गोरे आणि रॉक संगीताचे चाहते होते. डी. ए. पेनेबेकर यांच्या माहितीपटात या सादरीकरणाचा काही भाग पाहावयास मिळतो. रेडिंग यांची रंगमंचावरील ऊर्जा समजण्यासाठी नुसत्या ध्वनिमुद्रिका पुरेशा नाहीत, हे तो पाहिल्यावर पटते.

अखेरचे गीत

ऑगस्ट १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील कार्यक्रमांच्या निमित्ताने रेडिंग जवळच्या सॉसालिटो येथे एका हाउसबोटीवर राहिले होते. खाडीकडे पाहत बसलेल्या, घरापासून दूर आलेल्या आणि काहीच न बदलल्याची खंत असलेल्या माणसाचे गीत तेथे सुचले. त्यानंतर घशातील गाठींवर शस्त्रक्रिया झाली आणि काही आठवडे त्यांना आवाज वापरता आला नाही. बरे झाल्यावर नोव्हेंबरच्या उत्तरार्धात व डिसेंबरच्या आरंभी त्यांनी मेम्फिसमध्ये पुष्कळ गाणी मुद्रित केली. त्यांत क्रॉपर यांच्या सहकार्याने पूर्ण केलेले ‘द डॉक ऑफ द बे’ही होते. त्यात विनवणी किंवा आक्रोश नाही आणि टिपेला जाणारा शेवटही नाही. गाण्याच्या अखेरीस ते नुसती शीळ घालतात. हे गाणे सोलपेक्षा फार वेगळे आहे, अशी शंका संस्थेतील काहींना आणि निकटवर्तीयांनाही होती. स्वतः रेडिंग यांना मात्र ते यशस्वी होणार याची खात्री होती, असे क्रॉपर सांगत.

मृत्यू

९ डिसेंबर १९६७ रोजी क्लीव्हलँड येथे दूरचित्रवाणीवर आणि एका क्लबात कार्यक्रम करून रेडिंग दुसऱ्या दिवशी आपल्या खासगी बीचक्राफ्ट विमानाने विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन शहराकडे निघाले. हवामान खराब होते. विमानतळ थोड्याच अंतरावर असताना विमान मोनोना सरोवराच्या गोठणाऱ्या पाण्यात कोसळले. विमानातील आठ जणांपैकी सात जण मरण पावले : रेडिंग, वैमानिक रिचर्ड फ्रेझर, मदतनीस मॅथ्यू केली आणि ‘बार-केज’ या साथीच्या वाद्यवृंदातील जिमी किंग, रॉनी कॉल्डवेल, फेलन जोन्स व कार्ल कनिंगहॅम. हे चारही वादक नुकतेच शाळेतून बाहेर पडलेल्या वयाचे होते. ट्रम्पेटवादक बेन कॉली एकटे वाचले. पोहता येत नसतानाही आसनाची गादी धरून ते मदत येईपर्यंत पाण्यावर राहिले. जेम्स अलेक्झांडर हे सहावे वादक विमानात जागा नसल्याने दुसऱ्या मार्गाने येत होते. अपघाताचे निश्चित कारण कधीच समजले नाही.

१८ डिसेंबर रोजी मेकनच्या नगर सभागृहात अंत्यविधी झाला. ३,००० आसनांच्या त्या सभागृहात ४,५०० हून अधिक लोक आले होते. अटलांटिक संस्थेचे जेरी वेक्सलर यांनी श्रद्धांजलीपर भाषण केले. मेकनपासून काही अंतरावर राउंड ओक येथे रेडिंग यांनी ‘बिग ओ’ नावाची सुमारे ३०० एकरांची शेतवाडी घेतली होती. तेथेच त्यांचे दफन करण्यात आले. धाकटा मुलगा तेव्हा चार वर्षांचाही झाला नव्हता.

मृत्यूनंतरचे यश आणि स्टॅक्सचे नुकसान

अपघातानंतरच्या दिवसांत, मित्राच्या मृत्यूचा धक्का ताजा असताना, क्रॉपर यांनी एकट्याने ‘डॉक ऑफ द बे’ला अंतिम रूप दिले आणि लाटांचा व कुरव पक्ष्यांचा आवाज त्यात मिसळला. जानेवारी १९६८ मध्ये ते प्रकाशित झाले आणि मार्चमध्ये बिलबोर्डच्या ‘हॉट १००’ क्रमवारीत प्रथम क्रमांकावर जाऊन चार आठवडे तेथे राहिले. गायकाच्या मृत्यूनंतर या क्रमवारीत पहिले आलेले हे पहिलेच गीत होय. त्याला दोन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. हयातीत रेडिंग यांचे एकही गीत या क्रमवारीत पहिल्या दहांत पोहोचले नव्हते. शेवटच्या आठवड्यांत मुद्रित झालेल्या गाण्यांतून पुढे १९७० पर्यंत आणखी संग्रह निघत राहिले. त्यांतील ‘आय हॅव गॉट ड्रीम्स टू रिमेंबर’ हे गीत झेल्मा रेडिंग यांनी लिहिलेल्या कवितेवर आधारलेले आहे.

स्टॅक्सला या यशाचा लाभ टिकवता आला नाही. वितरणासाठी अटलांटिकशी १९६५ मध्ये केलेल्या लेखी करारातील एका कलमानुसार अटलांटिकने वितरित केलेल्या सर्व मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी त्या संस्थेकडे गेली होती. स्टुअर्ट यांनी ते कलम वाचलेच नव्हते. १९६८ मध्ये दोन्ही संस्था विभक्त झाल्या, तेव्हा रेडिंग यांचा सारा ठेवा स्टॅक्सच्या हातून गेला. १९७५ मध्ये संस्था दिवाळखोरीत निघाली आणि १९८९ मध्ये जुन्या चित्रपटगृहाची ती इमारत पाडण्यात आली. त्याच जागी मूळ इमारतीबरहुकूम बांधलेले सोल संगीताचे संग्रहालय २००३ मध्ये उघडले. उतरती जमीनही त्यात पुन्हा तयार केलेली आहे.

स्मरण

रेडिंग यांचे स्मरण तीन गावांत तीन तऱ्हांनी केले जाते. मेकन हे त्यांचे स्वतःचे गाव. तेथील ऑकमल्गी नदीवरील पुलाला त्यांचे नाव आहे आणि नदीकाठच्या उद्यानात २००२ मध्ये त्यांचा कांस्य पुतळा उभारण्यात आला. झेल्मा रेडिंग यांनी २००७ मध्ये स्थापन केलेले प्रतिष्ठान तेथील मुलांना संगीताचे शिक्षण देते. मेम्फिसमध्ये आठवण आहे ती सहकाऱ्यांची. स्टॅक्सचेच गायक विल्यम बेल यांनी १९६८ मध्ये ‘अ ट्रिब्यूट टू अ किंग’ हे गीत गाऊन ती व्यक्त केली. कॉली आणि अलेक्झांडर यांनी ‘बार-केज’ पुन्हा उभा केला. अलेक्झांडर यांनी आपल्या मुलाचे नाव मृत सहकाऱ्यावरून फेलन ठेवले, आणि तो पुढे ‘जॅझी फे’ या नावाने संगीत निर्माता झाला. मॅडिसनची गोष्ट निराळी आहे. त्या शहरात रेडिंग पोहोचलेच नाहीत. तरीही तेथील चाहत्यांनी सरोवराकाठी स्मारक उभारले. मोनोना टेरेस या वास्तूच्या गच्चीवरील बागेत ते असून तेथून अपघाताचे पाणी दिसते.

१९८९ मध्ये रेडिंग यांना ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळाले, १९९३ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले आणि १९९९ मध्ये त्यांना ग्रॅमीचा जीवनगौरव पुरस्कार मरणोत्तर देण्यात आला. डेक्स्टर आणि ओटिस (तिसरे) या मुलांनी ‘द रेडिंग्ज’ हा वाद्यवृंद काढला आणि १९८२ मध्ये वडिलांचे गीत नव्याने गायले. पीटर गुरालनिक यांचा ‘स्वीट सोल म्युझिक’ (१९८६) हा ग्रंथ आणि जोनाथन गोल्ड यांचे चरित्र (२०१७) यांमुळे त्यांच्या जीवनाची साधार माहिती उपलब्ध झाली आहे.

नव्या पिढ्यांकडे मात्र ते पुस्तकांतून गेले नाहीत. ‘प्रिटी इन पिंक’ (१९८६) आणि ‘द कमिटमेंट्स’ (१९९१) या चित्रपटांनी ‘ट्राय अ लिटल टेंडरनेस’ पुन्हा ऐकवले. २०११ मध्ये जे-झी आणि कान्ये वेस्ट यांनी त्याच मुद्रणाचा तुकडा घेऊन रचलेल्या रॅप गीताचे नावच ‘ओटिस’ असे ठेवले. जुन्या चाहत्यांपैकी काहींना हा तुकड्यांचा वापर खटकतो. रेडिंग यांनी १९३२ च्या त्याच गीताचे काय केले होते, हे लक्षात घेतल्यास ही तक्रार फारशी टिकत नाही. त्यांची दुसरी तक्रार अधिक सबळ आहे. रेडिओवर हमखास लागते ते एकच शांत गीत, त्यामुळे रेडिंग म्हणजे खाडीकाठी शीळ घालणारा निवांत माणूस अशी समजूत रूढ झाली आहे. ज्यांनी त्यांना १९६६ मध्ये ऐकले त्यांना आठवतो तो घामाने निथळणारा, गुडघे उचलीत रंगमंचावर फिरणारा आणि वाद्यवृंद थांबला तरी न थांबणारा गायक. ‘लाइव्ह इन युरोप’ (१९६७) आणि ‘इन पर्सन ॲट द व्हिस्की अ गो गो’ (१९६८) या प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रिकांत तो आजही ऐकावयास मिळतो.